लिफ्टचं आयुष्य वाढावं म्हणून

...आणि वर मलाच विचारतात, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे? आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा! विद्यापीठात चिकटून मला सत्तावीस वर्षं झाली, आणि त्यातली अकरा वर्षं मी स्वतःशीच भांडतोय. तेही तोंडी नाही हं, लेखी! जावक क्रमांक टाकून, आणि पोच स्वतःची स्वतःच घेऊन...

थांबा, नीट सांगतो. मी कुलसचिवांच्या कार्यालयात कारकून. कुलसचिव म्हणजे ज्यांच्या सहीशिवाय आमच्याकडे टाचणीसुद्धा हलत नाही. त्यांच्या नावानं जी पत्रं बाहेर पडतात, त्यांचा मसुदा माझा. माझं अक्षर बरं, भाषा बरी, हा माझा गुन्हा. कारण तेच बघून कर्मचारी संघटनेनं मला सचिव करून टाकलं. संघटनेचे आमचे अध्यक्ष, त्यांना सगळे भोंगा म्हणतात, बोलायला उभे राहिले की समोरच्या इमारतीतले वर्ग थांबतात, पण कागदावर एक ओळ लिहायची म्हटली की घाम फुटतो. मला म्हणाले, तू लिही, मी बोलतो. झालं! संघटनेचं मागणीपत्र मी लिहायचं, ते माझ्याच टेबलावर आवक व्हायचं, मी त्यावर शिक्का मारायचा, आणि आठवड्याभरानं त्याला नकाराचं उत्तरही मीच लिहायचं. मागणारा मी, नाही म्हणणारा मी!

बायकोला घरात सवय झाली होती. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरले की ती आधी विचारायची, "आज कुणाचं लिहिताय? त्यांचं की तुमचं?" कारण संघटनेचं लिहीत असलो की मी चहासुद्धा ठणकावून मागायचो, आणि कार्यालयाचं लिहीत असलो की नळ गळतोय म्हणून ती ओरडली तरी माझ्या तोंडून निघायचं, विचाराधीन आहे.

मागणी काय होती? एकच. लिफ्ट! आमची इमारत चार मजली. परीक्षा विभाग चौथ्या मजल्यावर, आणि उत्तरपत्रिकांची कोठी तळमजल्यावर. हे कुणी ठरवलं ते विचारू नका, ती फाईल सापडत नाही. मधे लिफ्ट आहे, चांगली धडधाकट, आत आरसा वगैरे. पण तिला कुलूप! अकरा वर्षांपूर्वीच्या कुलसचिवांनी आदेश काढला होता, की वापरानं लिफ्ट झिजते, सबब लिफ्टचं आयुष्य वाढावं म्हणून ती फक्त अधिकाऱ्यांनी वापरावी. अधिकारी किती, तर पाच. त्यातले दोन कायम दौऱ्यावर. म्हणजे तिघांना घेऊन ती लिफ्ट दिवसातून चारदा वर जायची आणि उरलेला वेळ आराम करायची. आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कोण चढवायचं? तर मावशी.

मावशी म्हणजे परीक्षा विभागातल्या शिपाई. माझ्याही आधी नोकरीला लागलेल्या. अंगानं एवढ्याशा, पण खांद्यावर गठ्ठा घेऊन जिना चढायला लागल्या की आम्ही भिंतीला चिकटून वाट द्यायचो. दर मजल्यावर थांबायच्या, कठड्याला पाठ लावून श्वास घ्यायच्या, आणि पुढं. कधी तक्रार नाही. मी एकदा म्हटलं, मावशी, दोन खेपा करा ना, अर्धं अर्धं न्या. तर म्हणाल्या, "भाऊ, मग जिना दोनदा चढावा लागतो." बरोबरच आहे की!

तर या लिफ्टसाठी दर सहा महिन्यांनी पत्र. अकरा वर्षांत बावीस पत्रं, बावीस उत्तरं. मागणीपत्रात मी तीव्र निषेध करायचो, उत्तरात सहानुभूतीपूर्वक विचार करायचो. एकदा तर हद्द झाली. मागणीपत्र घाईत लिहिलं होतं, ‘निषेध’मधला षे पोटफोड्या लिहायच्या ऐवजी शहामृगाचा श लिहून बसलो. उत्तर लिहिताना ते डोळ्यांत खुपलं. काय करणार, सवय! शेवटी एक ओळ टाकली, की आपल्या पत्रातील शुद्धलेखनाकडे आपले लक्ष वेधण्यात येत आहे. ते वाचून भोंगा जो तापला! कार्यालयात कोण एवढा शहाणा बसलाय, त्याला शोधून काढ म्हणाला. मी म्हटलं, असेल कुणीतरी. आणि पुढच्या पत्रात मीच त्या शहाण्याचा निषेध केला. शुद्ध. मागणारा मी, नाही म्हणणारा मी, आणि मधल्या मधे चुका काढणाराही मीच!

मधे मला कावीळ झाली. दीड महिना घरी. तेव्हा ना मागणी गेली, ना उत्तर आलं, आणि विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात छापून आलं की कर्मचारी आणि प्रशासन यांचे संबंध अत्यंत सलोख्याचे आहेत. बायको म्हणाली, अहो, तुम्ही घरी बसलात की वाद मिटतो, तर बसाच ना.

हसताय तुम्ही, मीही हसायचो. पण यंदा मार्चमध्ये मावशी पडल्या.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर. गठ्ठा सुटला, उत्तरपत्रिका खालपर्यंत विखुरल्या. मी आवाज ऐकून धावलो तर मावशी बसल्या बसल्या सरकत उत्तरपत्रिकाच गोळा करत होत्या. म्हणाल्या, आधी हे मोजा, पोरांच्या वर्षभराचे कष्ट आहेत. एकशे वीस भरल्या, तेव्हा कुठं गुडघ्याकडे बघू दिलं. गुडघा केवढा सुजलेला! डॉक्टरांनी लिहून दिलं, जिना बंद.

आणि मग वरून टिपण आलं माझ्या टेबलावर. की सदर कर्मचारी जिना चढण्यास असमर्थ असल्याने कामास अपात्र ठरवून सेवा का संपवू नये, अशी नोटीस तयार करावी. तयार कुणी करायची? मी. मावशींची निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. मी कागद घेतला, जावक क्रमांक टाकला, तारीख टाकली, आणि पुढं हात चालेना. तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं नाही म्हणायला मला कधी जड गेलं नव्हतं, कारण समोर मीच असायचो. या वेळी समोर मावशी होत्या. तो कागद मी खणात टाकला. कुणी विचारलं की सांगायचो, मसुदा सुरू आहे. दोन महिने मसुदा सुरू होता.

तेवढ्यात कुलसचिव बदलले. नव्या आल्या त्या मॅडम. त्यांचा आवाज इतका हळू, की बोलायला लागल्या की पंखा बंद करावा लागतो. भोंग्यानं लगेच बैठक मागितली, म्हणजे मी मागितली, आणि मॅडमनी ती दिली, म्हणजे मी दिली. चौथ्या मजल्यावर, सभागृहात. मावशींना आम्ही खुर्चीत बसवून चौघांनी उचलून वर नेलं, त्या रस्ताभर लाजत होत्या.

टेबलाच्या एका बाजूला मॅडम आणि अधिकारी, दुसऱ्या बाजूला भोंगा आणि मावशी. मी कुठं बसायचं? इतिवृत्तही मीच लिहिणार, सचिवही मीच. शेवटी टेबलाच्या कोपऱ्यावर बसलो, एक गुडघा इकडे, एक तिकडे. मॅडमनी हळूच विचारलं, तुम्ही कोणत्या बाजूला? मी म्हटलं, मी बैठकीला, मॅडम.

भोंग्यानं अर्धा तास भाषण केलं. काचा हलल्या. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, आधीचा पत्रव्यवहार वाचा. कुणी वाचायचा? उभा राहिलो. पहिलं मागणीपत्र वाचलं, पहिलं उत्तर वाचलं. दुसरं मागणीपत्र, दुसरं उत्तर. मागणीला आवाज चढवायचो, उत्तराला उतरवायचो, आपोआप व्हायचं हो ते. सातव्या उत्तरापर्यंत आलो आणि मॅडमनी हात वर केला. म्हणाल्या, दोन्हीकडच्या पत्रांची सुरुवात ‘एकंदरीत पाहता’नंच कशी होते?

मी हळूच फाईल मिटली.

"ही उत्तरं कुणी लिहिली?"

"मी, मॅडम."

"आणि मागण्या?"

"त्याही... मीच."

भोंगा हळूहळू माझ्याकडे वळला. मला वाटलं आता इमारत पडणार. पण त्याला एवढंच सुचलं, "म्हणजे शुद्धलेखनाची चूक तूच काढलीस?" मी मान डोलावली. मागणारा मी, नाही म्हणणारा मी, आता लपवायचं काय!

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि इतक्या हळू म्हणाल्या की दोन अधिकाऱ्यांना ऐकूच आलं नाही: "मग सोपं आहे. भांडण तुमच्या दोघांचंच आहे. आपसात ठरवा, तोवर आम्ही चहा घेतो."

आता तुम्ही म्हणाल, संधीच मिळाली, टाकायचं मान्य करून! पण नाही हो! अकरा वर्षांची सवय. मी सुरू झालो, की कर्मचाऱ्यांचं म्हणणं रास्त आहे, पण सर्वांना खुली केली तर लिफ्टवर भार पडेल, नादुरुस्त झाली तर जबाबदारी कुणाची, शिवाय आदेश आहे, तो मागं घ्यायचा तर समिती... आणि मला माझंच पटायला लागलं! भोंगा कपाळाला हात लावून बसला. मी स्वतःला हरवत होतो, सगळ्यांसमोर.

मावशींनी चहाचा कप खाली ठेवला.

"भाऊ, लिफ्टची चावी कुणाकडं असते?"

काय सांगू तुम्हाला... "माझ्याकडं," मी म्हटलं. "माझ्या टेबलाच्या खणात."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

त्या चिडल्या नाहीत. नुसतं बघत राहिल्या. ज्या माणसानं मी पडल्यावर मला हात दिला, त्याच्याच खणात चावी होती, असं काहीतरी त्या जुळवत असाव्यात. मावशी मला चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, त्याचं मी इतिवृत्त तरी लिहिलं असतं!

मी उठलो. खाली माझ्या खोलीत गेलो, जिन्यानं. खण उघडला, चावी घेतली, आणि तो अपात्रतेचा कागदही घेतला. वर येऊन दोन्ही टेबलावर ठेवलं. मग कोरा कागद ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका ओळीचा मसुदा लिहिला. ‘एकंदरीत पाहता’ नाही, ‘तूर्तास’ नाही. उद्यापासून लिफ्ट सर्वांसाठी खुली राहील. एवढंच. मॅडमकडं सरकवला. अधिकारी काहीतरी म्हणायला गेले, मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं, ते बिस्कीट खायला लागले.

मॅडमनी पेन घेतलं. ‘उद्यापासून’ खोडून ‘आजपासून’ लिहिलं, आणि सही केली. मग दुसरा कागद उचलला, जावक क्रमांक बघितला, तारीख बघितली, दोन महिन्यांपूर्वीची. विचारलं, याची सद्यःस्थिती? मी म्हटलं, विचाराधीन आहे. मॅडम म्हणाल्या, राहू दे तसाच, यांच्या निवृत्तीपर्यंत. माझ्या सत्तावीस वर्षांत विचाराधीन या शब्दाचा इतका सुंदर वापर मी पाहिला नाही!

बैठक संपली आणि आम्ही मावशींना लिफ्टमध्ये बसवून खाली नेलं. खाली पोचल्यावर त्या म्हणाल्या, आता वर न्या. म्हटलं, वर काय काम? काम नाही, वरच जाऊन बघायचंय. मग मावशी, भोंगा आणि मी परत वर. भोंगा लिफ्टमध्ये चक्क कुजबुजत होता. मावशी आरशात स्वतःकडे बघत होत्या, पदर नीट करत होत्या. चौथा मजला आला, दार उघडलं, त्या बाहेर पडल्या आणि सवयीनं कठड्याला पाठ लावून उभ्या राहिल्या, श्वास घ्यायला. घेतला. मग त्यांच्या लक्षात आलं की दम लागलेलाच नाही. आणि हसायला लागल्या, तुम्हाला सांगतो, अशा हसल्या की परीक्षा विभागातली माणसं टेबलं सोडून बाहेर आली, आणि कारण माहीत नसताना तीही हसायला लागली. मावशी हसता हसता माझ्या खांद्याला धरून म्हणाल्या, "भाऊ, भांडलात छान हो स्वतःशी." झालं, माफी मिळाली!

तर सगळं गोड झालं. गठ्ठे लिफ्टनं जातात, मावशी स्टुलावर बसून जातात. आता लिफ्टमध्ये अख्खं विद्यापीठ असतं. परीक्षा विभाग, लेखा विभाग, ग्रंथालय, आणि ज्यांना फक्त पहिल्या मजल्यावर जायचंय तेसुद्धा! परवा सकाळी चौथ्या मजल्यावरच्या बैठकीसाठी मी लिफ्टपाशी पोचलो तर दार उघडंच, आत माणूस माणसाला चिकटलेला, बटणापाशी स्टुलावर मावशी. मी एक पाय आत टाकला. मावशी म्हणाल्या, भाऊ, वजन होतंय, पुढच्या खेपेला या. आणि दार लागलं.

निघालो जिन्यानं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बघतो तर कठड्याला धरून मॅडम उभ्या, एका हातात फाईल, एका हातात चपला. मी घाईघाईनं म्हटलं, मॅडम, आदेशात थोडी दुरुस्ती करायची का?

मॅडम म्हणाल्या, "बोलू नका हो, अजून दोन मजले चढायचेत."