थेल्माचा ठसा

ओले बूट. सॉसेजचा धूर. लाउडस्पीकरवर हरवलेल्या कुत्र्याची घोषणा. लिथगो या बंदूक-कारखान्याच्या गावात, जुन्या बंदुकांच्या प्रदर्शनातल्या खाण्याच्या रांगेत दोघं म्हातारी बहीण-भाऊ होती.

"रायफलला आरशासारखी निळी झिलई हवी होती ना तुला, क्लेम?"

"चुकलो, ताई."

"मोठ्यानं."

"चुकलो! झिलईसाठी नळी घासली असती, तर तिच्यावरचा कारखान्याचा ठसा गेला असता."

"म्हणून म्हटलं, मूळचाच मळकट काळा रंग दे. भिंग लावून परीक्षक काय म्हणाला?"

"'तपासनिसाचा ठसा शाबूत. पहिलं बक्षीस!'"

"तपासनीस म्हणे! आई आहे ती आपली."

"सांगितलं मी त्याला. टोपी काढली त्यानं."

"आता सॉसेज घे, शहाण्या. कांदा भरपूर."

त्यांच्या आईनं, थेल्मानं, कारखान्यात रायफल तपासून तो ठसा मारला तेव्हा ती सतरा वर्षांची होती.