हट्टी गाठ

वडील गेल्यावर त्यांच्या उपचाराचे कागद न्यायला लेक रेडिएशन विभागात आली होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

"आपल्या गल्लीतल्या मास्तरांची गाठ विरली, तुमची तशीच. मशीन तेच, किरणांचे शेकही तेवढेच. तुम्ही हलला असणार."

"अगं, श्वाससुद्धा रोखून पडतो मी."

"मग माझंच पथ्यात काही चुकलं."

"वेडाबाई, डॉक्टरांना विचारलंय मी. गाठीगाठीतल्या पेशी वेगळ्या. काही किरणांनी लगेच मरतात, काही हट्टी असतात, दाद देत नाहीत."

"तुमच्यावर गेली म्हणायची."

"जाईना का. पण त्यात चूक कुणाची नसते."

"कुणाचीच?"

"कुणाचीच."

"मग आजपासून श्वास घ्या हो नीट."

वडिलांचं पथ्य शेवटपर्यंत सांभाळलेली लेक पुढे वाकली.

"आजोबा, पथ्याचंही डॉक्टरांनी नक्की असंच सांगितलं?"