आपोआप उचललेला फोन

न्हाय न्हाय, तुम्हीच सांगा, धडधाकट माणसाला कुणी धरून ऑपरेशनला नेतं का? माझ्या फोनला नेलं! चार्जिंगला लावून म्या जेवायला बसलो, हात धुऊन येतो तर पडद्यावर, 'अभिनंदन! तुमचा फोन अपडेट झाला!' अरे, पण अपडेट म्या मागितलं होतं का?

तुम्हाला सांगतो, मुरुम गावात माझं भांड्याचं दुकान, तीस वर्षं झाली. कल्याणप्पा भांडेवाले म्हणलं की कुणीबी घर दाखवंल. एवढ्या वर्षांत पातेल्यांची फळी कधी हलवली न्हाय म्या, का? तर गिऱ्हाइकाला सवय असती! आणि ह्या फोनमधी एका जेवणात सगळी उलथापालथ! अक्षरं मुंगीएवढी. फोटो कुठं गेले, महादेवाला ठाऊक. घंटी बदलली, चिवचिव, चिवचिव... दुकानात चिमणी शिरली म्हणून म्या हंड्यांमागं शोधतोय आणि गिऱ्हाईक म्हणतंय, "काका, तुमचा खिसा वरडतोय!"

बरं, हेबी सोसलं असतं. पण टायम कुठला बघा! माझी लेक, नाव शिवलीला, धाराशिवला कोर्टात स्टेनो हाय, स्वतः परीक्षा देऊन लागलेली. तिचं तेर गावच्या स्थळाशी जमत आलेलं. पोरगा चांगला, घर चांगलं, रविवारी सुपारी फुटायची. फक्त एक इचारायचं राहिलेलं... लग्नानंतर पोरगी नोकरी करणार, चालंल का? पोरगा तिला व्हय म्हणला होता, पण बापापुढं त्याचं तोंड उघडत न्हाय. शिवलीला म्हणली, "अप्पा, त्यांच्या वडलांना तुम्ही स्पष्ट विचारा. नोकरी सोडायची असंल तर मला हे लग्न नको."

म्हणजे इचारायचं कुणी? म्या! आणि पोराचे वडील उत्तरेश्वरराव म्हणजे आवाज असा, की भिंतीवरचं कॅलेंडर हलावं. "बोलाऽऽ कल्याणप्पा!" म्हणले की माझा प्रश्न परत पोटात. तीनदा फोन लावला, तीनदा पाऊसपाण्याचं बोलून ठेवून दिला!

गुरुवारी आमची मंडळी, गौराबाई, डबा घेऊन दुकानात आली. "इचारलं का?"

"इचारतो की."

"कधी? नातवाच्या बारशाला?"

आता माझंबी डोकं फिरलं. तेवढ्यात खिशात चिवचिव सुरू झाली, पण भांडणात चिमणीकडं कोण बघतंय? म्या वरडलो, "अगं, इचारू कसं? त्यो माणूस बोलतोय का रणशिंग फुंकतोय, कळत न्हाय! म्हणला, सून कोर्टात नको, चुलीपुढं पायजे, तर? माझी पोरगी सकाळच्या एसटीला लोंबकळत टायपिंगच्या क्लासला गेली... बोटं सुजायची तिची... गौराबाई, तूच शेकायचीस की! लग्न मोडलं तर मोडू दे, पण नोकरी सोडायला लावणाऱ्या घरात म्या लेक देणार न्हाय! फक्त हे त्या उत्तरेश्वररावाला सांगायची छाती न्हाय माझ्यात, म्हणून तर..."

"बोलाऽऽ कल्याणप्पा!"

खिशातनं! तुम्हाला सांगतो, खिशातनं आवाज! नवीन सेटिंग म्हणे... पाच सेकंदांत फोन आपोआप उचलायचा, त्योबी स्पीकरवर! अरे, अपडेट म्या मागितलं होतं का?

गौराबाईच्या हातनं डब्याचं झाकण पडलं. म्या कसंबसं म्हणलं, "राव... कुठनं ऐकलं तुमी?"

"रणशिंगापासनं."

अय्यो! वाटलं, समोरच्या हंड्यात शिरावं आणि वरनं झाकण लावून घ्यावं. आणि मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"कल्याणप्पा, माझी बहीण महानंदा मास्तरीण व्हती. आमच्या वडलांनी लग्न ठरवताना कुणाला काय इचारलं न्हाय. सासरी गेली, शाळा सुटली. अजून राखीला आली की गावातल्या शाळेपुढं जरा वेळ थांबती... काय बोलत न्हाय, नुसती थांबती. म्हणून म्याच आठ दिवस झाले तुम्हाला इचारणार व्हतो, पोरगी नोकरी सोडणार तर न्हाय ना? तेरवरनं धाराशिवला एसटी हाय, चांगली जाईल-येईल. पण तुमी पाऊसपाण्याचं बोलताय आणि फोन ठिवताय!"

गौराबाईनं फोन हिसकावला, पदरानं डोळे पुसत म्हणली, "दादा, रविवारी लवकर या. पुरण घालते."

सांजच्याला शिवलीला आली. सगळं ऐकून इतकी हसली, इतकी हसली... आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं ठिवून रडली. मग फोन घेतला, दोनदा बोट फिरवलं आणि सेटिंग बंद.

रविवारी सुपारी फुटली. पानं वाटताना उत्तरेश्वररावांनी मला कोपऱ्यात ओढलं आणि कानात कुजबुजले, "व्याही, ती सेटिंग कुठनं चालू करायची वो? आमच्या घरातबी मनातलं कुणी तोंडावर बोलत न्हाय."

दोघंबी चष्मे लावून त्यांचा फोन घेऊन बसलो. हे दाब, ते दाब, घंटी चारदा बदलली, टॉर्च लागली ती विझंना... अर्धा तास! सेटिंग काय घावली न्हाय. शेवटी व्याह्यांनी फोन खिशात घातला.

"जाऊ द्या," म्हणले, "आता काय, तोंडानंच बोलावं लागंल!"