थोआताईंच्या हातची रेघ

आदरणीय अध्यक्ष, आमच्या नखकारागीर मंडळाचे दुआनसाहेब. आजच्या सत्कारमूर्ती थोआताई. त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या सौभाग्यवती ल्वान. बोल्सा रस्त्यावरच्या नखांच्या दुकानांतून काम लवकर आटोपून आलेल्या समस्त भगिनी. आणि सूप केव्हा येणार म्हणून स्वयंपाकघराच्या दाराकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या मित्रांनो,

आज सकाळी अकरापर्यंत माझं भाषण तयार होतं. ल्वाननं लिहून दिलं होतं, मी आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं. ते आत्ता माझ्या खिशात आहे. पण ते वाचावं की नाही, हे मला कळत नाहीये. ल्वान, डोळे वटारू नकोस. मी प्यायलेलो नाही.

थोआताई आमच्या दुकानात चोवीस वर्षं आहेत. मी दुकानाचा मालक असलो तरी मला नखांतलं ओ की ठो कळत नाही. सामान आणणं, कपाट लावणं, नखांवर लावायच्या पुडीचे डबे भरणं, एवढंच माझं काम. पण चोवीस वर्षं कानावर पडून पडून एक गोष्ट मलाही पाठ झाली आहे. पुडीनं बसवलेलं नकली नख दोन आठवड्यांत पुढं सरकतं, मुळाशी रिकामी जागा पडते, ती पुन्हा भरावी लागते. आणि जुनं नवं जिथं भेटतं तिथं रेघ दिसली, की कारागिराची अब्रू गेली. बरोबर ना, भगिनींनो?

ताईंच्या हातची रेघ कोणी पाहिली आहे का? मी नाही पाहिली. नव्या मुलींना त्या सांगायच्या, "अगं, जुन्या थराची कड आधी कानशीनं उतरव. पार मुळाशी मिळून गेली पाहिजे. मग भुकटी झटक. तशीच वर पूड लावलीस तर रेघ तुझ्या नावानं बोंब मारेल." आमची हान एकदा म्हणाली, "ताई, मला तर दिसत नाही कड, गेली वाटतं." ताईंनी तिच्या हातावर चापट मारली. "नख ओलं आहे, म्हणून दिसत नाही. ओल्यावर खूश होऊ नकोस. कोरडं कर, डोळे मीट आणि अंगठा फिरव. डोळ्यांना काय विचारतेस, अंगठ्याला विचार." वरून रंग फासून रेघ झाकणाऱ्या बायका तर ताईंना बघवत नाहीत. त्या पुढच्या टेबलावर बसल्या आहेत, नावं घेत नाही.

असो. मी कुठं होतो?

हां. तीन आठवड्यांपूर्वी एक गिऱ्हाईक परत आलं. दहाही नखांवर आडवी रेघ. मग दुसरं आलं. आठवड्याच्या आत तिसरं. तिन्ही ताईंची.  आणि मी, दुआनसाहेब, मीच गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "ताई, आता वय झालं. डोळे दमले असतील." सहज म्हणालो हो! काळजीनं म्हणालो.  त्या शनिवारी सकाळी ताईंनी त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाईक डोलोरेसबाईंची नखं भरली, कानस पुसून पेटीत ठेवली आणि ल्वानला म्हणाल्या, "डोळेच गेले तर या हातांचं काय करू?" मग ताईंच्या निरोपासाठी आम्ही हा हॉल ठरवला, जेवण सांगितलं, ताईंचं मायदेशी, कान-थोला बहिणीकडे जायचं तिकीट निघालं. सगळं कसं रीतसर झालं.

आज सकाळी मी फुलांच्या माळा काढायला दुकानाचं कपाट उघडलं. मागच्या बाजूला ताईंच्या गुलाबी पुडीचं जुनं खोकं होतं. रिकामं, तळाला चिमूटभर पूड चिकटलेली. त्याच्यावर नवं खोकं, अर्धं झालेलं. त्याच कंपनीचं, नावही गुलाबीच, फक्त रंगछटेचा आकडा वेगळा. मी दोन्ही खोकी दारात नेऊन उन्हात धरली. मला तर सगळे गुलाबी सारखेच वाटतात. पण उन्हात नव्यातली पूड जरा पिवळट दिसली. की मला तसं वाटलं? मला खरंच कळत नाही.

ताईंच्या चिनी मातीच्या डब्यात ती नवी पूड कोणी ओतली? डबे कोण भरतं? महिन्याच्या सुरुवातीला मीच भरला असणार. ताईंना न सांगता. ती पूड फक्त ताई वापरतात, बाकीच्या सगळ्या आता पुडीऐवजी तयार जेल लावतात.

मंडळी, शांतता राखा. ल्वान, मला बोलू दे.

आता माझा गोंधळ तुम्ही सोडवा. ती रेघ ताईंच्या डोळ्यांची, की माझ्या पुडीची? मला काय ठाऊक! मी सकाळपासून दोन वेळा ताईंना फोन लावला आणि दोन्ही वेळा वाजायच्या आत ठेवला.

ताई? ताई, तुम्ही कुठं निघालात? अहो, सत्कार व्हायचाय अजून.

मागच्या लोकांना दिसत नसेल, म्हणून सांगतो. ताई व्यासपीठावरून खाली उतरल्या आहेत. तिसऱ्या टेबलावर डोलोरेसबाई आहेत, शाळेची बस चालवतात, त्यांची नखं अजून ताईंच्याच हातची आहेत. सोळा दिवस झाले, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. ल्वान, त्यांना खूण कर, हात पुढं करा म्हणावं, त्यांना आपली भाषा कुठं येते! रेघ आहे का, हान? आहे? इथूनही दिसते म्हणतेस?

ताईंनी चष्मा काढला. डोळे मिटले. अंगठा फिरवतायत. मुळाशी नवं नख वाढलंय तिथं नाही, वरच्या रेघेवर. एक. दोन. हळू बोला रे जरा.

दहाही झाली. काय ताई? माईकवर सांगा. काय म्हणालात?

ताई म्हणतायत, "कड नाही. कुठंच अडत नाही. नुसता रंगातला फरक आहे."

भगिनींनो, थांबा, टाळ्या नंतर... ताई, रडू नका हो. नाही, रडा. मीही रडतोय.

दुआनसाहेब, आता या कार्यक्रमाला काय म्हणावं हे तुम्हीच ठरवा. आमच्या दुकानातर्फे ताईंना भेट म्हणून भिंगाचा दिवा आणला होता, डोळ्यांना त्रास नको म्हणून. तो ताईंनी आत्ता खोक्यासकट माझ्या हातात दिला आहे. म्हणतायत, "हा तूच ठेव. डब्यात ओतायच्या आधी खोक्यावरचं वाचायला."

बहिणीला भेटून त्या पुढच्या महिन्यात परत येतायत. जायच्या आधी, मंगळवारी साडेदहाला डोलोरेसबाईंची नखं भरायची आहेत. डबा त्या स्वतः भरणार आहेत.

आपण सगळे आलात, मंडळानं हा मान दिला, त्याबद्दल आभार. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. आणि ताई, तुमच्यासारख्या हाताला मी आंधळं म्हणालो. त्याची माफी मी सभेकडे मागत नाही, तुमच्याकडे मागतो.

सूप आलं आहे. ताईंना आधी वाढा.