देवीच्या पेटीला कुंकू

अहो, मी एकदा नवस बोलले होते, सूनबाईचं पहिलं प्रदर्शन नीट पार पडलं तर मंगळवार धरीन. ती धुळ्यात संग्रहालय सांभाळते. देवीची दगडी मूर्ती तिने दुसऱ्या संग्रहालयाकडून महिनाभरासाठी आणली होती. डाग पडला तर पुढे कोणी काही देणार नव्हतं. आणि पहिल्याच दिवशी साक्रीकडच्या एक अक्का कुंकवाची डबी उघडून मूर्तीपुढे उभ्या!

"अक्का, लावू नका हो," सून काकुळतीला आली.

"मंग देवीले आठे आनं कसाले?"

देवीला इथं आणलंच कशाला, हा अक्कांचा सवाल रास्तच होता. मी पुढे झाले. "अक्का, देवी पाहुणी आहे. ज्या लाकडी पेटीत बसून आली, तीच तिची पालखी. कुंकू त्या पेटीला लावा की."

अक्कांनी पेटीला कुंकू लावलं, मग रांगच लागली. मूर्ती स्वच्छ परत गेली आणि मी मंगळवार धरला. तिकडून फोन आला, "पेटी एवढी लाल कशानं?"

सून म्हणाली, "सासूबाईंना विचारा."

तुमच्याकडे असं प्रदर्शन आलं, तर तुम्हीही कुंकू पेटीलाच लावा हं.