हौदाचा तास

नवं पायथन जुन्याच्या जागी चालतं का, हे मला विचारू नका, गड्यांनो, दमलोय मी. कुंडलच्या पाणीसंस्थेत शेतकऱ्यांना पाण्याच्या पाळ्या वाटायचा प्रोग्राम मीच जुन्या पायथन भाषेत लिहिला होता. ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला, त्यावर तो चालेना. आठवडाभर बसून नव्या पायथनात आणला, तर चालला.

चौथ्या दिवशी पंप चालवणारे तात्या दारात.

"धनगरांच्या हौदाला पाणी न्हाई रं."

"आवं तात्या, हौद आपल्या यादीत कुठं हाय?"

"न्हाईच की! सात तास दोघांत वाटले की तुझा प्रोग्राम तीन-तीन द्यायचा. उरलेला तास मी हौदात सोडायचो. आता साडेतीन-साडेतीन देतोय."

जुनं पायथन भागाकारात अर्धा टाकून द्यायचं, नवं बरोबर भागतं. म्हणजे इतकी वर्षं माझ्या चुकीवर मेंढरं जगत होती. हौद यादीत घालायचा तर ठराव हवा, आणि ठराव म्हटलं की भांडण.

प्रोग्रामात भागाकाराची खूण म्हणजे एक तिरकी रेघ; गपगुमान तिच्याशेजारी आणखी एक मारून अर्धा टाकणारा जुना भागाकार परत आणला.

चेअरमननी विचारलं, "काय दुरुस्त केलंस रं?"

म्हटलं, "दुरुस्त झालं होतं, तेच काढलं."