मांडवातला मामा

माह्यं माहेर कळंबचं, चिंतामणीच्या देवळापासून हाकेवर घर, अन् देल्लं मले बोरी अरबले, खडी गंमतवाल्याच्या, रातभर उभ्यानं गाणी-सोंगं करणाऱ्या शाहिराच्या घरी. बापानं पायलं का जवायाले वावर हाये, बैलजोडी हाये, मंग डफ वाजवते त वाजवू दे. पुढं त्याईचं नाव झालं. काय सांगू तुम्हाले बाई, ज्या गावात आमच्या शाहिराची गंमत राहे तिथं दुपारपासून बैलबंड्या येऊन लागत, लोक पाया पडत, बाया फेट्याले हात लावून पाहत, अन् मी इकडे घरी भाकरी थापत बसलेली. लोकाईचे होते ते, उरले तेवढे माह्ये.

तर आपला मुलूख मुंबई राज्यात गेला न, त्याच्या पुढचं का त्याच्या पुढचं वर्ष असन, उन्हाळा होता, अन् चार पाहुणे बंडीतून दारात उतरले. म्या पाणी देल्लं, चहा मांडला. त्यातला म्हातारा म्हणे, शाहीर, आमी तुमच्या पोरीले पसंत केलं, आता बोलणी तुमच्याशी. आमाले त दोन पोरंच, पोरगी कुठून येईन? शाहीर म्हणे, कोणती पोरगी बाप्पा? त म्हणे, कळंबाकडली गंगूबाईची यमुना, तिच्या मायनंच सांगतलं बाप कोण ते.

गंगू मले माहीत होती. नवरा नागपुरात गिरणीत गेलता तो परतलाच नाही, अन् यमुना झाली ते त्याच्या मांगून. किती मांगून, याचा हिशेब गाव करे, म्या नाही केला. जत्रेच्या वक्ताले गंमत दरसाल त्याच गावात उतरे, पोट्टीचा गळा गोड, एवढ्यावर लोक बोलत. पाहुण्याईनं बापाचं नाव इचारलं असन, अन् गंगूच्या तोंडातून ह्याईचं नाव निंघालं.

शाहीर लालबुंद झाले. म्हणे, म्या तिच्या हातची भाकर खाल्ली, दुसरं काही नाही. पाटील आले, गंमतीतले गडी आले, सगळे म्हणे कोर्टात खेचा. दारव्ह्याचा वकील म्हणे, अब्रूनुकसानीचा दावा लावू, तिले पिंजऱ्यात उभी करू अन् इचारू, सांग बाई, कोणत्या जत्रेत? सगळे हासले. शाहीर नाही हासले, पण दावा लावाले कबूल झाले.

मले राग आलता, तिचाही अन् ह्याईचाही. एकट्यात इचारलं. ते म्हणे, चिंतामणीची आण. आता आण काय, कोणीही घेते. पण दावा जिंकला काय अन् हारला काय, यमुनेचं लगन त मोडलंच न? माय पिंजऱ्यात उभी राहीन अन् पोट्टी जन्मभर घरात बसन, तिनं कोणाचं काय वाईट केलं होतं? मंग म्या म्हणलं, दावा नका लावू, तुमी मामा व्हा.

त्याईले पयले समजलंच नाही. म्या म्हणलं, आपल्यात लग्नात पोरीच्या पाठीशी मामा लागते, गंगूले भाऊ नाही. तुमी उभे राहा, भर मांडवात तिच्याकडून ओवाळून घ्या. बहिणीच्या पोरीचा बाप कोणी होते काय? जे बोलाले वकिलाले इतक्या तारखा लागतीन ते एका ओवाळणीत होते.

दुसऱ्या दिवशी मी बंडी जुतून गंगूकडे गेली. ती तूर निवडत होती, तिनं मले बस म्हणलं नाही. म्या सगळं सांगतलं. तिनं सूप बाजूले ठेवलं. मंग म्हणे, अन् बाप कोण सांगू? म्या म्हणलं, गिरणीत गेला तो, तो काही परत येऊन नाही म्हणत नाही. म्हणे, लगन होईन न पण? म्या म्हणलं, होईन. त म्हणे, मंग साडी हिरवी आणजा, भावाची म्हणून नेसाची हाये त.

पाहुण्याईले काही अडलं नाही. त्याईले मांडवात शाहीर पाहिजे होता, बाप म्हणून काय अन् मामा म्हणून काय.

मांडवात गंगूनं ह्याईले ओवाळलं. कुंकू तिनं ठसठशीत लावलं, ह्याईची मान मात्र वर झाली नाही. म्या दोन्ही पायलं. पाटील म्हणे, शाहिराचं मन मोठं. वकील म्हणे, याच्यापेक्षा पक्का निकाल कोर्टानंही नसता देल्ला. दोघंही पोटभर जेवून गेले. लोक त्याले दया म्हणतेत. म्हणोत. थोडी दया होती, थोडा डाव होता, अन् डाव माह्या होता.

आता यमुना सासरी, झरी गावाकडे, सुखात हाये, मले मामी म्हणते. गंगूही येते, नणंद म्हणून आठ-आठ दिवस राहते. मांगच्या दिवाळीत शाहीर वावरात गेलते अन् आमी दोघीच होतो, तवा म्या इचारलंच, गंगू, आता त खरं सांग. तिनं पाखडणं थांबवलं नाही. म्हणे, वयनी, तुमीच मले नणंद केलं न, मंग नणंदेले असं इचारतेत काय?

मंग म्या नाही इचारलं. यमुनेचे दिवस भरत आले, गंगूच्या घरात जागा नाही, त बाळंतपण इथंच, मामाच्या घरी होईन. पोट्टी सुखरूप सुटो बाप्पा.